पंचवीसचे बावन्न: दुसरीच्या गणितात हालचाल कशी वापरावी?

दुसरीची_बाई

द्विशिक्षकी शाळा आहे. माझ्याकडे पहिली आणि दुसरी एकत्र, एकूण ३४ मुलं, त्यांतली दुसरीची १९. अडचणी तीन आहेत, नेमक्या लिहिते.

१. पंचवीस सांगितलं की सात-आठ जण ५२ लिहितात. त्रेसष्टचे ३६ होतात.

२. एकोणतीस, एकोणचाळीस ऐकलं की पाटीवर ३९, ४९ येतं. म्हणजे 'तीस' ऐकू आलं म्हणून ३ लिहिला, आणि नवाच्या घरातलं काहीतरी आहे हे आठवलं म्हणून ९.

३. प्रशिक्षणात सांगतात तशी वर्गात जमिनीवर संख्यारेषा काढली आहे, ० ते २०. मुलं आनंदाने उड्या मारतात. बेरीज रेषेवर बहुतेकदा बरोबर येते, काहींची मात्र नेमकी एकाने चुकते. तेच गणित वहीत दिलं की परत कोरी पाटी. शिवाय खेळानंतर वर्ग शांत व्हायला दहा मिनिटं जातात, आणि तास ३५ मिनिटांचाच.

हालचालीतून शिकवायचं म्हणजे नक्की काय करायचं? रेषा कुठे, केवढ्या अंतराने, किती दिवस? 'मुलांना मजा येते' एवढ्यावर मी हे चालू ठेवणार नाही. आकृती, मापं, चुका असं काही असेल तर लिहा.

---

आखणीवाला

ताई, आधी तुमच्या 'एकाने चुकते' बद्दल, कारण तो दोष मुलांचा कमी आणि आखणीचा जास्त आहे.

४ + ३ करताना मूल ४ वर उभं असतं आणि जिथे उभं आहे तिथेच 'एक' म्हणतं. मग पाचावर दोन, सहावर तीन. उत्तर ६. ते खुणा मोजतंय, आपल्याला मोजायची आहेत खुणांमधली अंतरं. यावर उपाय: आकडा तोंडातून निघायचा तो पाऊल टेकल्यावरच. सुरुवातीला दोन्ही पाय ४ वर, ओठ बंद. पाऊल उचललं, पुढच्या खुणेवर टेकलं, तेव्हा 'एक'. पहिले दोन दिवस एवढंच करा, गणित नको. आणि रेषा शून्यापासूनच हवी. अनेक शाळांत फरशीवर १ पासून आखलेल्या रेषा असतात, त्या या कामाला निरुपयोगी.

अंतर. वर्ग २० फूट लांब असेल तर तो साधारण ६ मीटर. ३० सेंमीने आखलंत तर ० आणि २० दोन्ही भिंतींना चिकटतात, टोकाच्या मुलाला उभं राहता येत नाही. २५ सेंमी घ्या: २० अंतरं, ५ मीटर, दोन्हीकडे अर्धा मीटर मोकळा. सात वर्षांच्या मुलाचं आडवं पाऊल २५ सेंमीत सहज बसतं.

आडवं पाऊल असं मुद्दाम म्हणतोय. मुलाने रेषेवर फळ्याकडे तोंड करून उभं राहावं आणि खेकड्यासारखं बाजूला सरकावं. उजवीकडे वाढतं, डावीकडे कमी होतं. वहीतल्या आणि फळ्यावरच्या रेषेशी हे तंतोतंत जुळतं. रेषेच्या दिशेने तोंड करून चालवलंत तर मुलाच्या दृष्टीने 'पुढे' वाढतं, आणि वहीत मात्र 'उजवीकडे' वाढतं. ही अदलाबदल सात वर्षांच्या मुलाने मनातल्या मनात करावी अशी आपली अपेक्षा असते आणि मग आपण म्हणतो की वहीत येत नाही. वजाबाकीला उलटं चालण्यात पडण्याची भीती असते तीही आडव्या पावलात जवळजवळ जाते.

आता सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट: बघणारी मुलं कुठे बसतात? रेषेच्या दोन्ही बाजूंना बसवलीत तर फळ्याकडच्या मुलांना संख्या उजवीकडून डावीकडे वाढताना दिसतात. म्हणजे निम्मा वर्ग उलटी रेषा शिकतोय. सगळी मुलं चालणाऱ्याच्या पाठीमागे. तुम्हीसुद्धा समोर उभ्या राहून हात दाखवू नका, पाठ मुलांकडे करा.

३४ मुलांना एक रेषा म्हणजे एक चालतो आणि तेहतीस दंगा करतात. चार रेषा करा, दोन वर्गात, दोन व्हरांड्यात. सगळ्या रंगवायची गरज नाही. जुन्या सुती साडीचा काठ कापून घ्या. साधारण साडेपाच मीटर मिळतो, त्यावर २५ सेंमीने ० ते २० नीट बसतं आणि गुंडाळून कपाटात ठेवता येतं. सिंथेटिक साडी नको, फरशीवर सरकते. दोन्ही टोकं रुंद चिकटपट्टीने बसवा. काथ्याची दोरी पायाला टोचते आणि पायाखाली गोल फिरते, तीही नको.

एका रेषेवर आठ-नऊ मुलं: दोन चालणारे (एकामागून एक), एक गणित सांगणारा, एक मोजणारा, बाकीचे पाटीवर तीच रेषा काढून बोटाने तेच करणारे. टाळी वाजली की जागा बदल. पाटीवाली मुलं हा यातला खरा भाग आहे, ती 'थांबलेली' नाहीत.

मैदानावर ० ते १०० हवी असेल तर २० सेंमी अंतराने २० मीटर लागतात. दुसरीतल्या मुलाचं पाऊल साधारण तेवढंच असतं, म्हणून पावलाला पाऊल लावत चालता येतं. आखायला रांगोळी किंवा गेरू. चुन्याची फक्की अनवाणी पायांना आणि डोळ्यांना त्रास देते. व्हरांड्यातल्या शहाबादीवर ऑइल पेंट दिला तर पावसाळ्यात ओल्या पायांनी मुलं घसरतात, पट्टी दोन बोटांपेक्षा रुंद नको.

एक चूक मात्र कधीच करू नका. जागा पुरत नाही म्हणून ० ते २० एकेकाने आणि पुढे ३०, ४०, ५० त्याच अंतरावर. मोठ्या संख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात असं मुलांना आधीच वाटत असतं, तुम्ही ते फरशीवर रंगवून पक्कं करता.

---

एक_उणे

पहिल्या आणि दुसऱ्या अडचणीबद्दल लिहितो, कारण त्या आपल्या संख्यानामांतून येतात आणि शरीराने सोडवायला सोप्या आहेत.

एकोणतीस म्हणजे एक + ऊन + तीस, एकाने कमी तीस. 'उणे' हा शब्द मुलं वजाबाकीत रोज ऐकतात, फक्त तो इथे दडलाय हे कोणी सांगत नाही. तर दशकांची वेगळी रेषा घ्या: ०, १०, २० … १००, दोन खुणांत ५० सेंमी, म्हणजे तीही ५ मीटरच. कृती अशी:

'एकोण' म्हणताच मुलाने डावा हात छातीशी घ्यायचा, तळवा डावीकडे, म्हणजे 'मला मागे जायचंय' याची आठवण. 'तीस' म्हणताच तिसाच्या खुणेवर जायचं. मग डावं पाऊल जेमतेम पाच सेंमी, एका अंगठ्याएवढं, डावीकडे. तिथे थांबून म्हणायचं, 'तिसाला एक कमी, अजून विसाच्याच घरात'. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. पाटीवर २ का लिहायचा याचं उत्तर त्यात आहे.

पाच सेंमी का? दशकाचं अंतर ५० सेंमी असेल तर एककाचं ५. मुलं उत्साहात अर्धा फूट मागे जातात आणि मग एकोणतीस सत्तावीसच्या जागी पोचतो. खुणेच्या डावीकडे पाच सेंमीवर बारीक रेघ मारून ठेवा.

१९, २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९, ८९ या आठांना ही कृती चालते. नव्व्याण्णवला चालत नाही, तो 'एकोणशंभर' नाही. हे मुलांना आधीच सांगा. नाहीतर एखादी चुणचुणीत मुलगी विचारेलच आणि तिला विचारू द्यावंही.

पंचवीसचं कारण वेगळं. आपण आधी एकक बोलतो, मग दशक, आणि लिहिताना उलट. जर्मन मुलांनाही हीच अडचण येते, त्यांच्याकडेही 'पाच आणि वीस' असंच म्हणतात. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ साली 'वीस एक, वीस दोन' असं जोडवाचन आलं ते यासाठीच. त्यावर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. बाजू कोणतीही घ्या, पायरी म्हणून ते वाचन उपयोगी आहे.

जमिनीवर शेजारी-शेजारी दोन चौकोन आखा, प्रत्येकी ४० सेंमी. डावा 'दशक', उजवा 'एकक'. दोन मुलं त्यांत उभी, पाठ वर्गाकडे, हात डोक्यावर म्हणजे मागून दिसतील. 'पंचवीस' म्हटलं की:

'पंच' ऐकताच एककातला पाच बोटं वर करतो. 'वीस' ऐकताच दशकातला दोन्ही पंजे दोनदा उघडतो-मिटतो. मग दोघं थांबतात आणि सगळा वर्ग डावीकडून उजवीकडे बोट नेत म्हणतो, 'वीस, पाच'. बोट नेतानाच पाटीवर २५.

म्हणजे ऐकण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम दोन्ही हालचालीत वेगवेगळे दिसतात. मुलं तोंड वर्गाकडे करून उभी राहिली तर दशक उजवीकडे जातं आणि तुम्ही ५२ च शिकवता, तेही साग्रसंगीत.

सुरुवात २१ ते २८ अशी ओळीने करू नका. बावीस, तेवीस, चोवीस यांत दोन-तीन-चार कानाला पटकन सापडत नाहीत. पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट घ्या, पाच कानाला ओळखू येतो. मग 'सत्त', 'अठ्ठ' वाले. बावन्न, त्रेपन्न शेवटी.

---

कोरडा_शेरा

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. पण या धाग्यावर थोड्याच वेळात कोणीतरी 'उजवा मेंदू-डावा मेंदू' घेऊन येईल, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

'हालचालीतून शिक्षण' या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

एक, मधली सुट्टी छापाची हालचाल. दर अर्ध्या-पाऊण तासाने तीन-चार मिनिटं उभं राहणं, ताणणं, जागेवर चालणं. याने नंतर काही वेळ लक्ष बरं लागतं. चांगली गोष्ट आहे, जरूर करा. पण त्याने पंचवीसचे बावन्न थांबणार नाहीत, कारण त्या हालचालीचा पंचवीसशी संबंधच नाही.

दोन, 'ब्रेन जिम' आणि त्याची भावंडं. उजवं कोपर डाव्या गुडघ्याला लावलं की मेंदूचे दोन भाग जोडले जातात, गळ्याखालची जागा चोळली की मेंदूला रक्त जास्त जातं, वगैरे. या दाव्यांना आधार नाही. व्यायाम म्हणून वाईट नाही, वाचन सुधारण्याचा उपचार म्हणून पालकांना सांगू नका. 'हा कायनेस्थेटिक लर्नर आहे, तो हलूनच शिकतो' हेही त्याच पंक्तीतलं. मुलांचे असे प्रकार पाडून प्रत्येकाला त्याच्या प्रकाराने शिकवल्यास ती जास्त शिकतात हे सिद्ध झालेलं नाही. २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी त्या सगळ्या पुराव्याचा आढावा घेतला, त्यात पुरेसा आधार सापडला नाही. एकोणतीसला एक पाऊल मागे जाणं सगळ्यांच्याच उपयोगाचं, चळवळ्या मुलाच्याच नव्हे.

तीन, ज्या हालचालीतच आशय आहे. 'एक कमी' म्हणजे एक पाऊल डावीकडे. कामाची गोष्ट ही.

या तिसऱ्या प्रकारावर शिकागो विद्यापीठातल्या सुझन गोल्डिन-मेडो यांच्या गटाचं बरंच काम आहे. २००८ च्या एका प्रयोगात तिसरी-चौथीच्या मुलांना ४ + ३ + ६ = __ + ६ अशी उदाहरणं शिकवली. काहींना फक्त वाक्य म्हणायला सांगितलं, काहींना दोन्ही बाजूंकडे हात नेऊन दाखवायला सांगितलं. चार आठवड्यांनंतर हात वापरलेल्यांचं शिकणं जास्त टिकलेलं होतं.

तुमच्या 'रेषेवर येतं, वहीत नाही' ला उत्तर देणारा प्रयोग २०१४ चा आहे, त्याच गटाचा. काही मुलांनी चुंबकाचे आकडे खरोखर उचलून जागेवर ठेवले, काहींनी उचलल्याचा नुसता आविर्भाव केला, काहींनी फक्त बोटांनी निर्देश केला. शिकवलेल्या प्रकारची गणितं तिघांनाही आली. जरा वेगळ्या रूपातली गणितं मात्र आकडे उचलणाऱ्यांना जड गेली, निर्देश करणाऱ्यांना सर्वांत चांगली जमली. वस्तू हलवण्यातच जे गुंततात त्यांचं शिकणं त्या वस्तूपाशीच राहतं.

माझा निष्कर्ष: मोठी हालचाल ही शिडी आहे आणि ती काढून घेण्याचं वेळापत्रक पहिल्या दिवशीच ठरलेलं हवं.

---

दुसरीची_बाई

एक_उणे सर, पाठ वर्गाकडे ही गोष्ट लक्षातच आली नव्हती. आमच्याकडे मुलं तोंड इकडे करूनच उभी असतात.

कोरडा_शेरा, शिडी काढायची म्हणजे किती दिवसांनी आणि कशी? आणि उड्यांनंतरचा गोंधळ कसा आवरायचा?

---

आखणीवाला

पाच टप्पे धरा. दिवस अंदाजाने, वर्गावर अवलंबून.

पायांनी, तीन-चार दिवस. तास ३५ मिनिटांचा असेल तर रेषेवर जास्तीत जास्त १२ मिनिटं, आणि त्याच तासात पाटी. रेषा आज आणि वही उद्या, असं केलंत तर धागा तुटतो.

मग दुसऱ्याच्या पायांनी. एक चालतो, बाकीचे पाटीवरच्या रेषेवर बोटाने त्याच्याबरोबर सरकतात. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि तिथेच सगळं अडतं.

मग नुसतं बोट. पाटीवर किंवा बाकावर रेषा, ० ते २० छापलेली, खुणांत एक सेंमी.

मग रिकामी रेषा. नुसती आडवी रेघ, खुणा नाहीत. ८ + ५ साठी मूल स्वतः ८ लिहितं, दोनची कमान काढून १०, तीनची कमान काढून १३.

मग रेषाच नाही. विचारा, 'डोळे मिट, आठावर उभा आहेस, कुणीकडे जाशील?' काही मुलं इथे मान किंवा खांदा उजवीकडे हलवतात. हलवू द्या, तो निर्देशच आहे.

अडलं तर एकच टप्पा मागे. एकदम जमिनीवर नेऊ नका.

गोंधळाचं मूळ उडीत आहे. उडी नको, पाऊल. उडीत अंतर पक्कं नसतं, मूल दोन घरं ओलांडतं, शेजारच्यावर आपटतं आणि श्वास चढतो. अनवाणी, मोजणं कुजबुजत. पहिलीची मुलं त्याच खोलीत बसलेली असतात, त्यांनाही ते बरं. थांबण्याची खूण ओरडून नको: हात वर आणि दोन टाळ्या, म्हणजे जिथे आहात तिथे पुतळा. पहिले दोन दिवस फक्त चालणं आणि पुतळा एवढंच करा, पाच-पाच मिनिटं. ती पाच मिनिटं वाया गेली असं वाटेल, पण पुढच्या महिन्याभरात ती वसूल होतात.

---

पावकी_निमकी

विषय दुसरीचा आहे, तरी चौथी-पाचवीवाले हा धागा वाचत असतील म्हणून कोनाबद्दल थोडं.

पाव वळसा, अर्धा, पाऊण, पूर्ण, सव्वा. हे शब्द मुलांच्या घरी बोलले जातात, ९०, १८०, २७० नंतर येऊ द्या. मुलाने मधे उभं राहायचं, एक हात दाराकडे ताठ. तो हात जागेवरच ठेवायचा, दुसरा हात आणि धड वळवायचं. नुसतं गरकन फिरलं तर सुरुवात कुठून केली तेच विसरतं, कोन उरतच नाही. पाऊण वळशाला पहिला हात जागेवर राहू शकत नाही, तिथून पुढे दोन मीटर सुतळी वापरा: एक टोक दाराजवळच्या मुलाकडे, दुसऱ्या सुतळीचं टोक फिरणाऱ्या मुलाबरोबर.

लांब हातांचा मुलगा आणि छोट्या हातांची मुलगी शेजारी उभे करून दोघांना पाव वळशाएवढे हात उघडायला सांगा. 'कोणाचा कोन मोठा?' विचारलं की अर्धा वर्ग मुलाचं नाव घेतो. भुजा लांब म्हणजे कोन मोठा हा गैरसमज पुस्तकातल्या आकृतीवर दूर व्हायला आठवडा लागतो. इथे तो सगळ्यांसमोर उघडा पडतो.

सव्वा वळशापलीकडे नको, गरगरतं. एका दमात एकदाच फिरवा.

आणि पाढे म्हणत लंगडी घालण्याबद्दल: पाठांतराला ठेका मिळतो, एवढंच. तिनाचा पाढा म्हणत उड्या मारणाऱ्याला तीन चोक बारा का, हे त्या उडीतून कळत नाही. ते कळायला रेषेवर तीन-तीन घरांची ढांग हवी. दोन्ही करा, पण एकाचं श्रेय दुसऱ्याला देऊ नका.

---

हळूपाऊल

व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) हे माझं क्षेत्र. दोन गोष्टी वर आल्या नाहीत.

प्रत्येक वर्गात एखाद-दोन मुलं अशी असतात की त्यांना हालचालच कठीण जाते. बटणं लावता येत नाहीत, चेंडू झेलता येत नाही, चालताना पाय अडखळतात. अशा मुलाचं सगळं लक्ष तोल सांभाळण्यात जातं, गणिताला काही उरत नाही. बाहेरून वाटतं की त्याला गणित येत नाही. त्याला एका वेळी एकच हालचाल द्या: एक तर पाऊल, नाहीतर हात. 'एकोण'चा हात आणि डावं पाऊल दोन्ही एकदम नको. पाऊल उचलायच्या आधी दोन्ही पाय जुळवून उभं राहायला वेळ द्या, घाई झाली की पाय ओलांडले जातात आणि पडतं. बाकीच्या मुलांसाठीही आडव्या पावलात पाय ओलांडायचे नाहीत: उजवं टाक, डावं जुळव.

चाकाच्या खुर्चीतल्या किंवा कॅलिपर (पायाला आधाराची पट्टी) लावणाऱ्या मुलाला कायमचा 'सांगणारा' करू नका, त्यालाही हालचाल हवी. बाकावर एक मीटरची पट्टी, पाच सेंमीवर एक खूण, म्हणजे ० ते २०, आणि बाटलीचं झाकण सरकवायचं. मण्यांची माळही चालते, दहा लाल, दहा पांढरे. कमी दिसणाऱ्या मुलासाठी जाड दोरीला गाठी, दर दहावी गाठ दुहेरी, कंबरेच्या उंचीवर बांधलेली, हात लावून बाजूला सरकत जाता येतं.

दुसरं, 'तळ्यात-मळ्यात'. सम-विषम, बरोबर-चूक, नाम-क्रियापद यांसाठी शिक्षक तो फार वापरतात आणि खेळ छान आहे. पण 'बाद' करू नका. जो पहिला चुकला त्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, आणि तोच पुढची दहा मिनिटं भिंतीला टेकून बसतो. शिवाय मुलं शेजाऱ्याकडे बघून उडी मारतात, कोणाला येतं तेच कळत नाही. त्याऐवजी बसून, डोळे मिटून, सम असेल तर हात डोक्यावर, विषम असेल तर गुडघ्यावर. एका नजरेत ३४ उत्तरं दिसतात.

मार्चनंतर दुपारी व्हरांड्याच्या फरशीवर अनवाणी मुलं उभी करू नका. सकाळची शाळा असेल तर पहिला किंवा दुसरा तास.

---

काना_मात्रा

पहिलीही तुमच्याकडेच आहे म्हणून भाषेचं थोडक्यात.

बाराखडीला शरीर चांगलं कामाला येतं. मूल म्हणजे 'क'. काना: उजवा हात बाजूला सरळ खाली. पहिली वेलांटी: डावा हात वर करून डोक्यावरून वळवलेला. दुसरी: उजवा हात तसाच. उकार पायाशी वाकून, मात्रा डोक्यावर तिरका हात, अनुस्वार डोक्यावर मूठ, विसर्ग उजव्या बाजूला दोन मुठी. 'कि' म्हणताना क आधी ऐकू येतो आणि वेलांटी मात्र आधी लिहायची असते, हे डाव्या हाताने लक्षात राहतं. शिक्षकाने अर्थातच पाठमोरं. हवेत अक्षर गिरवतानाही तेच, खांद्यापासून हात हलवत, पाठ मुलांकडे. गिरवणं मोठं असेल तेव्हा अक्षराचं वळण कळतं. वहीत बसायला मात्र बोटाचीच हालचाल लागते, त्यासाठी माँटेसरीची खरखरीत अक्षरं: पुठ्ठ्यावर डिंक, वर बारीक वाळू, दोन बोटांनी लिहिण्याच्याच दिशेने.

ऱ्हस्व-दीर्घासाठी 'ऱ्हस्वाला छोटं पाऊल, दीर्घाला मोठं' हा प्रयोग जपून. बोलताना आपण सगळीकडे तो फरक करत नाही, मुलं कानाने ओळखू शकत नाहीत आणि पाऊल अंदाजाने टाकतात. फूल-फुलाला, वीट-विटेला अशा जोड्यांना तो चालतो, कारण तिथे दीर्घ अक्षर आखूड होताना ऐकू येतं. तेही तिसरीनंतर.

---

दुसरीची_बाई

शेवटचे दोन प्रश्न. ५२ − २७ साठी हातचा रेषेवर कसा दाखवायचा? आणि जमतंय की नाही हे तपासायचं कसं?

---

एक_उणे

हातचा रेषेवर दाखवू नका, तिथे तो नाहीच. रेषेवर ५२ वरून दोन दशकं डावीकडे, ३२, मग सात एकक, २५. किंवा २७ पासून वर चढत जा: तीन, मग वीस, मग दोन. दोन्ही वाटांत दशक मोडावं लागत नाही. हातचा हा उभ्या मांडणीचा भाग आहे, त्याला काड्यांचे गठ्ठे लागतात: पाच गठ्ठे, दोन सुट्या, एका गठ्ठ्याचं रबर काढलं की चार गठ्ठे आणि बारा सुट्या. दोन्ही एकाच तासात आणलेत तर मुलं गठ्ठे घेऊन रेषेवर उभी राहतील.

तपासणी: रेषा गुंडाळून ठेवल्यावर दोन आठवड्यांनी. सहा संख्या तोंडी सांगा, पाटीवर लिहू द्या: ३५, ५३, २९, ३९, ६३, ७९. पस्तीस आणि त्रेपन्न मुद्दाम दोन्ही. ३५ च्या जागी ५३ आला तर क्रमाची चूक, २९ च्या जागी ३९ आला तर 'एकोण'ची. दोन चुकांचे उपाय वेगळे, म्हणून गुण बेरीज करून लिहू नका, दोन रकाने ठेवा.

---

कोरडा_शेरा

त्यात एक भर. मूल चुकीचं उत्तर सांगत असताना त्याचे हात बघा. तोंडाने 'एकोणचाळीस म्हणजे चार आणि नऊ' म्हणतंय, पण हात डावीकडे सरकलाय, असं दिसलं तर ते मूल काठावर आहे. चर्च आणि गोल्डिन-मेडो यांनी १९८६ मध्येच दाखवलंय की हात आणि तोंड वेगळं सांगत असतील ती मुलं शिकवल्यावर लवकर पुढे जातात. १९ जणांत अशी तीन-चार सापडली तर आधी त्यांनाच घ्या. ज्याचे हात आणि तोंड दोन्ही एकच चूक सांगतात त्याला परत पाटीवरच्या बोटापासून.